तलवार राहू दे, कंगवा बघा

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "आमचा पुण्यातला चौघांचा रॉक बँड आहे. एका फँटसी चित्रपटासाठी गाणं करायला सांगितलंय. नायकाला शाप आहे, तीनशे वर्षं झाली तरी त्याचं वय वाढत नाही. दिग्दर्शक म्हणतात, ‘क्वीनने हायलँडरला केलं तसं काहीतरी द्या.’ म्हणजे नेमकं काय द्यायचं? शब्दांत शाप, तलवार, किल्ले आणायचे का? ऑर्केस्ट्राचं बजेट नाही. शिवाय एका सीनमध्ये नायकाची ऐंशी वर्षांची मुलगी तिशीतल्या बापाचे केस विंचरते, तिथे गाणं नको, टायटलला हवं, असं आमच्यातल्या दोघांचं मत आहे."

मी गेली पंचवीस-एक वर्षं अरेंजर आहे, आणि त्यातली निम्मी बॅकग्राउंड म्युझिकमध्ये गेली. "त्याच्यासारखं काहीतरी" हे आमच्या धंद्यात दर आठवड्याला ऐकू येतं. वैतागून उपयोग नाही. ते गाणं ऐकताना त्या माणसाला कधीतरी काहीतरी झालेलं असतं, आणि तेच प्रेक्षकाला व्हावं एवढंच त्याचं मागणं असतं. म्हणून आधी ‘हायलँडर’कडे जाऊ, मग तुमच्या चित्रपटाकडे येऊ.

‘हायलँडर’ १९८६चा. दिग्दर्शक रसेल मल्काही हा ऑस्ट्रेलियन माणूस मुळात म्युझिक व्हिडिओवाला. १ ऑगस्ट १९८१ला एमटीव्ही सुरू झालं तेव्हा पहिला लागलेला व्हिडिओ याचाच. त्यामुळे गाणं चित्रात कसं बसवायचं हे त्याच्या हाताला माहीत होतं. गोष्ट अशी की सोळाव्या शतकातल्या स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातला कॉनर मॅक्लाउड (ख्रिस्तोफर लँबर्ट) लढाईत मरण्याइतका जखमी होतो आणि दुसऱ्या दिवशी धडधाकट उठून बसतो. गाववाले चेटूक म्हणून त्याला हाकलून देतात. पुढे त्याला कळतं की आपल्यासारखे अमर आणखीही आहेत, ते एकमेकांची मुंडकी उडवत आले आहेत, आणि शेवटी एकच उरणार आहे. त्याची शेवटची लढाई १९८५च्या न्यूयॉर्कमध्ये होते. अमेरिकेत तिकीटबारीवर चित्रपट पडला. व्हिडिओ कॅसेटवर लोकांनी तो उचलून धरला.

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडकडे आधी एकच गाणं मागितलं होतं. मग बँडला वीसेक मिनिटांचं फुटेज दाखवलं, आणि चौघांपैकी प्रत्येकाला वेगळंच काहीतरी लागलं. इथे तुम्ही चौघे जरा नीट बसा, कारण हे तुमच्या कामाचं आहे.

गायक फ्रेडी मर्क्युरीने टायटलचं गाणं घेतलं, ‘प्रिन्सेस ऑफ द युनिव्हर्स’, म्हणजे विश्वाचे राजपुत्र. त्यात नायकच बोलतो, छाती काढून, आम्ही कोण म्हणून विचारता काय, या थाटात. फँटसीचं टायटल साँग असंच असावं लागतं. प्रेक्षक नुकताच खुर्चीत बसलेला असतो, त्याला या जगाचा आकार एका झटक्यात दाखवायचा असतो, तिथे नाजूकपणाला वाव नाही. रॉजर टेलरने चित्रपटातला एक संवाद उचलला. दुसऱ्या महायुद्धात कॉनर एका लहान मुलीला वाचवतो. गोळ्या खाऊनही तो जिवंत कसा हे तिला कळत नाही, तेव्हा तो तिला म्हणतो की ही एक प्रकारची जादू आहे. त्या चार शब्दांतून ‘अ काइंड ऑफ मॅजिक’ झालं. चित्रपटाच्या शेवटी श्रेयनामावलीवर त्याचं एक रूप वाजतं आणि अल्बमवर दुसरंच. अल्बमसाठी फ्रेडीने त्याला वेगळा बास दिला, मांडणी बदलली आणि रेडिओवर धावेल असं केलं. ते इंग्लंडमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलंही. जॉन डीकनने बारमधल्या सीनसाठी प्रेमगीत दिलं, आणि त्यात गिटार सोलोच्या जागी सॅक्सोफोन आहे. जगातल्या नामांकित गिटारिस्टांपैकी एक घरात असताना! तुमच्या गिटारिस्टला हे वाक्य दोनदा वाचून दाखवा.

आणि गिटारिस्ट ब्रायन मेला लागला तो हेदरचा, म्हणजे कॉनरच्या बायकोचा, सीन.

हा सीन पाहिला नसेल तर आज रात्री पाहा. कॉनर डोंगरातल्या एकाकी घरात बायकोबरोबर राहतो आहे. तिला सोड, नाहीतर पुढे पस्तावशील, असं त्याच्या गुरूने, शॉन कॉनरीच्या रामिरेझने, आधीच बजावलेलं असतं, कारण तो स्वतः त्यातून गेलेला असतो. कॉनर सोडत नाही. पुढच्या काही मिनिटांत ती म्हातारी होते आणि तो तसाच राहतो. एकाच चौकटीत पिकलेले केस आणि काळे केस. मरताना ती त्याच्या मिठीत असते, आणि एकच मागते: माझ्या वाढदिवसाला एक मेणबत्ती लाव. चारशे वर्षांनी न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये तो मेणबत्ती लावताना दिसतो, तेव्हा कोणी काही समजावून सांगत नाही. गरजच नसते.

ब्रायन मेने फुटेज पाहून परत जाताना गाडीतच हे गाणं मनाशी बांधायला घेतलं. ‘हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरेव्हर’. या गाण्यात तलवार नाही. स्कॉटलंड नाही, शाप नाही, मुंडकी नाहीत. चित्रपटाचं नाव पुसून टाका आणि हे गाणं कुणालाही ऐकवा. दोन माणसांकडे वेळ उरलेला नाही एवढंच त्याला कळेल. शीर्षकातला प्रश्न अमर माणसाला विचारल्यासारखा वाटतो, पण खरं तर तो ज्याला मरायचं आहे त्याच्या बाजूने विचारलेला आहे. शेवटाकडे शब्द असे वळतात की आपलं अनंत म्हणजे हा आजचा दिवस. इतकं साधं वाक्य शेवटापर्यंत राखून ठेवायला धीर लागतो. मी असतो तर पहिल्या मुखड्यातच खर्च केलं असतं.

आपल्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. सात चिरंजीवांची यादी पाठ असलेल्या घरातसुद्धा अमरपण म्हटलं की मारुतीइतकाच अश्वत्थामा आठवतो. नर्मदेच्या काठाने डोक्यावरच्या जखमेला तेल मागत फिरणारा. त्या गोष्टीत ब्रह्मास्त्र आहे, मणी आहे, कृष्णाचा शाप आहे, आणि लोकांनी लक्षात काय ठेवलं तर तेलाची वाटी.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच संपतं. तुमच्या शापित माणसाची तेलाची वाटी तुमच्याकडे आहे: तो कंगवा. त्या दोघांना सांगा, मी त्यांच्या विरोधात आहे. टायटलला गाणं हवं असेल तर वेगळं करा, दणकून करा, पण दिग्दर्शक जे मागतोय ते कंगव्याच्या सीनचंच गाणं आहे. क्वीनचं नाव घेताना त्याच्या डोळ्यांसमोर ‘प्रिन्सेस’ असतं तर त्याने "एनर्जी" हा शब्द वापरला असता. दणकेबाज गाणं मागताना तो शब्द न वापरणारा दिग्दर्शक मी अजून पाहिलेला नाही.

एक गैरसमज मध्येच दूर करतो, कारण लोक या गाण्याबद्दल हटकून तेच बोलतात. फ्रेडीने स्वतःच्या मरणावर हे लिहिलं, असं सांगणारे चिकार भेटतात. लिहिलं ब्रायन मेने, १९८६च्या जूनमध्ये ते अल्बमवर आलं, आणि लिहिलं गेलं ते हेदरसाठी. फ्रेडी गेला २४ नोव्हेंबर १९९१ला, आणि आजाराबद्दल जाहीर निवेदन आलं ते आदल्या दिवशी. आज ऐकताना तो अर्थ त्यात शिरतो हे कबूल. गाण्यात जागा मोकळी असेल तर आयुष्य येऊन त्यात बसतं. त्यात तलवारी कोंबल्या असत्या तर बसलं नसतं. (आणि हो, तो आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, हे पुण्यातल्या प्रत्येक मैफिलीत कुणीतरी उठून सांगतंच. खरं आहे ते. तिथल्या शाळकरी बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. त्याचा या गाण्याशी एवढाच संबंध की दुसऱ्याच्या सुरांना साथ करायची सवय त्याला लहानपणीच लागली असावी, असा माझा आपला अंदाज.)

आता आवाजाबद्दल, कारण मला स्वतःला या गाण्यातला सगळ्यात शिकण्यासारखा निर्णय तो वाटतो. चित्रपटात सुरुवातीपासून शेवटपर्यंत फ्रेडी गातो. अल्बमवर पहिला अंतरा ब्रायन मे स्वतः गातो आणि फ्रेडी नंतर येतो. ब्रायनचा आवाज बारीक, थोडा कापरा, अगदी घरातल्या माणसासारखा. तो गातो तेव्हा वाटतं, स्वयंपाकघरात कुणीतरी स्वतःशी गुणगुणतंय. मग फ्रेडी येतो आणि छत वर जातं.

दोन्हीकडे वेगळं का केलं? त्यामागचं कारण त्यांनी कुठे सांगितलेलं मला माहीत नाही, पण अरेंजर म्हणून मी असं वाचतो: चित्रपटात घरातलं माणूस पडद्यावर आहे. हेदरचा चेहरा आहे, सुरकुत्या आहेत, चूल आहे. आवाजाने ते पुन्हा दाखवायची गरज नाही. अल्बमवर चेहरा नाही, म्हणून पहिल्या अंतऱ्यात तो आवाजातून तयार करावा लागतो. तुमच्याकडे दोन गाणारे आहेत का? नसतील तर एकाच गायकाकडून पहिला अंतरा बसून, माइकच्या अगदी जवळून, खर्जाच्या बाजूला गाऊन घ्या आणि दुसरा उभं राहून. रेकॉर्डिस्टला कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजाचे चढउतार सपाट करणारं यंत्र, फार दाबू देऊ नका. श्वास ऐकू आला पाहिजे.

मांडणीही ऐका, पण हेडफोन लावून, हातात कागद घेऊन. सुरुवातीला सिंथेसायझरचे लांब सूर, ऑर्गनसारखे. ठेका नाही. ड्रम बराच वेळ हात बांधून बसलेले. गिटार येते ती गाणं अर्ध्यावर गेल्यावर, आणि येते तेव्हाही कसरत करत नाही, गायकाने सोडलेलं वाक्य पूर्ण करते. त्याखाली ऑर्केस्ट्रा. तो बांधण्यात ब्रायन मेबरोबर होता मायकेल केमन, चित्रपटाचा पार्श्वसंगीतकार. हे नाव लिहून ठेवा. रॉक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यामधला पूल हा या माणसाचा जन्मभराचा धंदा होता. पुढे १९९९मध्ये मेटालिकाबरोबर सॅन फ्रान्सिस्कोच्या सिंफनीला उभं करणाराही तोच.

यातून तुमच्यासाठी निघणारी गोष्ट बजेटची नाहीच. बँड आणि पार्श्वसंगीतकार एका टेबलावर बसले होते, ही आहे. आपल्याकडे काय होतं? गाणं एकाकडून, बीजीएम म्हणजे पार्श्वसंगीत दुसऱ्याकडून, आणि दोघांची पहिली भेट फायनल मिक्सला. तुमच्या चित्रपटाचं बीजीएम कोण करतंय हे उद्याच विचारा, आणि त्या माणसाला चहाला बोलवा. त्याला तीन गोष्टी द्या: गाण्याचा स्केल, टेम्पो, आणि मुखड्याची पहिली ओळ नुसत्या पियानोवर. त्याने ती चाल चित्रपटात आधी दोनदा, नकळत, बासरीवर किंवा सारंगीवर वाजवली, तर तुमचं गाणं सुरू होईल तेव्हा प्रेक्षकाला ते आधीच ओळखीचं वाटेल. यासाठी एक रुपया लागत नाही.

न भेटल्याने काय होतं ते मी स्वतः भोगलं आहे. नावं घेत नाही. एका चित्रपटात माझं गाणं बीजीएमच्या एका लांब तुकड्याला चिकटून सुरू होत होतं. तो तुकडा संपत होता माझ्या स्केलच्या अर्धा सूर वर. दोन्ही आपापल्या जागी सुंदर, आणि जोडावर असं वाटायचं की कुणीतरी हार्मोनियमवर बसलं. मिक्सच्या रात्री दोन वाजता तो तुकडा कापावा लागला. त्या संगीतकाराने माझ्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं आणि त्याचं बरोबर होतं.

आता टेम्पो. इथे बँड हमखास घसरतात, कारण बँडला टेम्पो पायात लागतो आणि सीनला डोळ्यांत. रफ कट, म्हणजे सीनची कच्ची जुळणी, मागा. "अजून व्हीएफएक्स बाकी आहे", म्हणजे संगणकावरची करामत बाकी आहे, असं सांगतील. ठीक आहे, केस विंचरायला व्हीएफएक्स लागत नाही, हिरव्या पडद्यासकट द्या म्हणावं. मिळाला की आवाज बंद करून पाच-सहा वेळा बघा. कुणीही वाद्य हातात घ्यायचं नाही. मग एकाने कागदावर फक्त वेळा लिहायच्या: कंगवा हातात घेते, पहिल्यांदा केसांत घालते, तो डोळे मिटतो, तिचा हात थांबतो.

समजा सीन अडीच मिनिटांचा आहे आणि तिचा हात बरोबर १ मिनिट ४० सेकंदांवर थांबतो, म्हणजे १०० सेकंद. टेम्पो ७२, म्हणजे मिनिटाला ७२ मात्रा, धरला तर चार मात्रांचा एक बार ३.३३ सेकंदांचा. शंभर सेकंदांत नेमके ३० बार. म्हणजे हात थांबतो तिथे एकतिसाव्या बारची सम. तुमचा ड्रमर तिथे पहिल्यांदा आत येऊ शकतो, किंवा त्याहून चांगलं, सगळे तिथे थांबू शकतात. आता तुमच्या बासवाल्याने "जरा ओढतंय, ७५ करू" म्हटलं, तर बार ३.२ सेकंदांचा होतो, शंभर सेकंद पडतात सव्वाएकतीस बारांवर, आणि तो क्षण समेवर न येता बारच्या दुसऱ्या मात्रेवर जाऊन पडतो. प्रेक्षकाला गणित कळत नाही, पण काहीतरी हुकलं हे कळतं. ओढतंय असं वाटत असेल तर टेम्पो सोडा आणि शब्द कमी-जास्त करा. फुटेज लावून पाहिलंत तर बहुतेक वेळा ओढत नसतंच. चित्राशिवाय ओढल्यासारखं वाटणारं गाणं चित्राबरोबर बरोबर बसतं, आणि तालमीच्या खोलीत भन्नाट वाटणारं चित्रावर धावत सुटतं.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, हे विचारायला विसरू नका. हसू नका, मी विसरलो आहे. मला कट मिळाला होता २५ फ्रेम्सचा, चित्रपट होता २४चा. एका मिनिटाच्या कटाला पडद्यावर साडेबासष्ट सेकंद लागायचे. चार मिनिटांच्या गाण्यात दहा सेकंदांची तफावत. नायिका दार उघडायची तेव्हा माझा कोरस गाऊन, पाणी पिऊन, घरी गेलेला असायचा. ऑडिओ फाइल ४८ किलोहर्ट्झच्याच पाठवा, आणि फाइलच्या नावातच टेम्पो, स्केल नि तारीख लिहा. "फायनल फायनल नवीन" अशा नावाची फाइल एडिटरला पाठवणाऱ्या बँडला दुसरं काम मिळत नाही.

ऑर्केस्ट्राचं. ऐंशी माणसं लागतात हा समज ‘हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरेव्हर’च्या व्हिडिओमुळे झाला असावा. लंडनच्या एका गोदामात शेकडो मेणबत्त्या, चाळीस मुलांचा कोरस आणि मागे अख्खा नॅशनल फिलहार्मोनिक, आणि बँड सुटाबुटात. डोळे दिपतात. पण ब्रायन मेने त्याच चालीचं नुसत्या पियानोवरचं रूप अल्बमच्या सीडीवर ‘फॉरेव्हर’ नावाने ठेवलं आहे. ते आधी ऐका. चाल पियानोवर उभी राहते, ऑर्केस्ट्रा नंतरची गोष्ट. तुमची चाल एका गिटारवर उभी राहत नसेल तर ऐंशी व्हायोलिनं तिला उचलू शकणार नाहीत, फक्त झाकतील.

व्यवहार असा करा. स्ट्रिंग्स प्रोग्रॅम करा, आणि त्यावर एक खरा चेलो आणि दोन खरी व्हायोलिनं डब करा, प्रत्येक ओळ तीन-तीनदा, दर वेळी वादकाला माइकपासून जरा हलवून. खोटेपणा सगळ्यात आधी कळतो तो सुराच्या सुरुवातीला, बो, म्हणजे गज, तारेवर टेकतानाच्या खरखरीत. ती खरखर खरी असली की मागचं सगळं कान खपवून घेतो. पैसे उरले तर चेलोवाल्याला आणखी एक तास ठेवा. कोरसचा मोह टाळा. फँटसी म्हटलं की लॅटिनसारखं काहीतरी अगम्य ओरडणारा कोरस घालायची साथ आलेली आहे. तुमच्या गोष्टीतली माणसं मराठी आहेत ना? मग मागून एखादी ओवीची चाल, बिनशब्दांची, एका वयस्क बाईच्या आवाजात. मुलगी ऐंशीची आहे हे विसरू नका. तिच्या आवाजाचं वय गाण्यात कुठेतरी हवंच.

शब्दांबद्दल वर लिहिलंच आहे, तरी एक कसोटी देतो. गीत लिहून झालं की त्यातून चित्रपटात दिसणारी प्रत्येक वस्तू खोडा. शाप दिसतो, खोडा. किल्ला दिसतो, खोडा. शतकं, युगं, रक्त, काळोख तर आधी. उरलेल्यात जर बाप-लेकीचं काही शिल्लक राहिलं तर गाणं आहे. नाही राहिलं तर तुम्ही पटकथेचा गोषवारा मीटरमध्ये बसवला होता. मी पहिल्या चित्रपटात नेमकं हेच केलं होतं. गीतकारही मीच होतो, कारण हौस. तिन्ही अंतऱ्यांत राक्षस, मंत्र आणि चंद्रग्रहण. निर्मात्याच्या आईने ऐकून विचारलं, "हे गाणं कुणाला म्हणतोय तो?" मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न मी आजही प्रत्येक गाण्याला विचारतो. तुमचं गाणं बाप लेकीला म्हणतोय, लेक बापाला, की कुणी तिसराच दोघांकडे बघून? आधी ठरवा. माझं मत विचाराल तर लेकीने म्हणावं. अमर माणसाचं दुःख तो स्वतः सांगू लागला की रडगाणं होतं, आणि मरणारी त्याच्याबद्दल बोलते तेव्हा ती त्याला सोडवत असते.

त्या सीनमध्ये संवाद आहेत का हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर बोलणं कळण्याचा पट्टा साधारण १ ते ४ किलोहर्ट्झ, आणि डिस्टॉर्शनवाली गिटार नेमकी तिथेच मांडी ठोकून बसते. मिक्स इंजिनियर काय करेल? तुमची गिटार खाली घेईल, आणि तुम्ही प्रीमियरला रडाल. त्यापेक्षा संवादाच्या जागी आधीच गिटार काढा, खाली पॅड (सिंथेसायझरचे लांब सूर) आणि चेलो राहू द्या, गायकाला गप्प करा. आणि स्टेम्स वेगळे द्या: आवाज, ड्रम, गिटारी, स्ट्रिंग्स, बाकी. पूर्ण मिक्स एकच दिला की त्याच्या हातात फक्त एक बटण उरतं, आणि ते तो खालीच करतो.

दोन रूपं करायची आहेत हे पहिल्या दिवसापासून धरून चाला. चित्रपटातलं अडीच मिनिटांचं, सीनच्या मापाचं. आणि बाहेरचं, पूर्ण लांबीचं, ज्यात तुमच्या गिटारिस्टला त्याचा सोलो मिळेल. क्वीनने तेच केलं, अल्बमवरचं गाणं सव्वापाच मिनिटांचं आहे. त्या अल्बममध्ये चित्रपटाची गाणी आणि चित्रपटाशी संबंध नसलेली गाणी एकत्र आहेत, नाव आहे ‘अ काइंड ऑफ मॅजिक’, आणि तो इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, चित्रपट अमेरिकेत आपटलेला असताना. म्हणून करारात बाहेरच्या रूपाचे हक्क कुणाकडे हे स्पष्ट लिहून घ्या. रेकॉर्डिंग निर्मात्याचं होईल, त्यावर भांडू नका, बहुतेकदा हरतोच आपण. पण लाइव्ह वाजवायची मुभा आणि बँडचं नाव या दोन गोष्टी लिखित हव्यात. आणि शब्द-चालीची रॉयल्टी. २०१२च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला तो हक्क सोडून देता येत नाही, चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजतं तेवढं वगळून. "एकरकमी घ्या आणि विषय संपवा" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे हे वाक्य म्हणा, आणि आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व आधीच घेऊन ठेवा. चौघांनी मिळून चाल केली असेल तर कुणाचा किती वाटा हे तालमीच्या खोलीत, चहा पिताना, आजच ठरवा. गाणं गाजल्यावर हे बोलणं होत नाही.

दिग्दर्शकाला पहिलं स्क्रॅच, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, पाठवाल तेव्हा नुसती ऑडिओ फाइल पाठवू नका. सीनवर लावून पाठवा, मोबाईलवर बघता येईल अशी. शब्द डमी असले तरी चालतील, ‘ना ना ना’ चालेल, पण हात थांबतो तिथे सम आलेली दिसली पाहिजे.

आणि त्यांना एक विचारा: विंचरून झाल्यावर कंगव्याचं काय होतं? ती उशाशी ठेवते, त्याच्या हातात देते, की खाली पडतो? पटकथेत लिहिलेलं नसेल तर लगेच ठरवायला सांगा, कारण तुमची शेवटची ओळ तिथे पडणार आहे आणि पडण्याचा आवाज असेल तर तेवढी जागा सोडावी लागेल. रफ कट आला की त्या चारही क्षणांच्या वेळा मला लिहून पाठवा, टेम्पो मिळून काढू.